एक रुपयाच्या नोटेवरचं तेल

ईदच्या नमाजनंतर आमचे नाना, म्हणजे आईचे वडील, सदऱ्याच्या खिशातून कोऱ्या करकरीत एक रुपयाच्या नोटांची गड्डी काढायचे आणि घरातल्या प्रत्येक मुलाला वयाप्रमाणे मोजून द्यायचे. मला पाच मिळायच्या. दुकानात खर्च होण्याआधी त्या नोटा मी उलटसुलट करून पाहायचो. मागच्या बाजूला समुद्रात उभं असलेलं एक लोखंडी यंत्र होतं. नानांना विचारलं, तर म्हणाले, "बेटा, ये समंदर का कुवाँ है. इथून तेल निघतं, त्यावर मुंबईच्या गाड्या चालतात."

समुद्रातली विहीर! पाण्याच्या आत पुन्हा विहीर कशी, हे मला कळलं नव्हतं. पण ते यंत्र डोक्यात बसलं. पुढे कळलं की ते 'सागर सम्राट' होतं. ज्या जहाजवजा रिगनं १९७४ मध्ये 'बॉम्बे हाय'चं तेल शोधलं, तेच. मी ज्या ईदच्या गोष्टी सांगतोय त्या १९८८-८९ च्या आसपासच्या. माझ्या हातात ती नोट होती, तेव्हा ते तेल आपल्या शिखरावर होतं. तिथून उतार सुरू होणार होता, हे ना मला ठाऊक होतं, ना नानांना.

आता मी अंधेरीत मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या वर्गाच्या खिडकीवरून जुहूहून उडालेली हेलिकॉप्टरं पश्चिमेकडे जातात. एकदा कवितेचा तास चालू असताना असंच एक हेलिकॉप्टर गेलं आणि सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ही रोज कुठे जातात?" मी सांगितलं, समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत, तिथे कामगारांना घेऊन जातात. ती म्हणाली, "इतकी वर्षं काढतायत, मग अजून संपलं कसं नाही?"

मी भाषेचा शिक्षक. नीट उत्तर तयार नव्हतं. "उद्या सांगतो" म्हणालो, आणि त्या 'उद्या'साठी बरंच वाचावं लागलं. जे समजलं ते इथे मांडतोय. मुलीला दिलेलं उत्तर एका ओळीचं आहे: तेल संपलेलं नाही, पण पस्तीस वर्षांपासून ते उतरणीला लागलंय. तो उतार आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नाही. पुस्तकात शोधाची तारीख असते. पण त्या तारखेनंतर काय झालं, याचा संबंध आपल्या घरांशी जास्त आहे.

विहीर म्हणतो, पण विहीर नव्हे

गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. मराठीत आपण 'तेलविहीर' म्हणतो, उर्दूत 'तेल का कुवाँ'. विहीर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रायगडातल्या आमच्या गावची विहीर येते. एप्रिल-मे मध्ये तिचा तळ दिसायचा, पोहरा खडकाला आपटायचा. मग जूनचा पाऊस लागला की पंधरा दिवसांत पाणी पायऱ्यांपर्यंत यायचं. आपल्या मनातली विहीर अशी आहे: आटते आणि पुन्हा भरते.

तेलाच्या विहिरीला जून महिना नसतो. तिला एप्रिल-मेच असतो, तो कधी लवकर सरकतो तर कधी हळू.

दुसरी गोष्ट, जमिनीखाली तेलाचा हौद नसतो. बॉम्बे हायचं तेल मुख्यतः चुनखडीच्या दगडात आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातल्या शंख-शिंपल्यांचे, सूक्ष्म जीवांचे थर साचून तो दगड झाला. त्यात बारीक छिद्रं आहेत, पावात असतात तशी, फक्त खूपच लहान. तेल त्या छिद्रांत अडकलेलं असतं. सगळ्यात वर गॅस, मध्ये तेल आणि खाली खारं पाणी, अशी मांडणी. वरून हजार मीटरहून जास्त खडकाचं ओझं, त्यामुळे आत प्रचंड दाब.

रिगनं त्या थरापर्यंत भोक पाडलं की तेल दाबामुळे आपोआप वर धावतं. थंड सोड्याची बाटली हलवून उघडली तर जे होतं, साधारण तसंच. पण बाटली एकदा उघडली की फेस कमी होत जातो. तेलाच्या थरातही तेच घडतं. काढलेल्या प्रत्येक बॅरलमागे दाब थोडा उतरतो. दाब उतरला की तेलात विरघळलेला गॅस सुटा होऊन तेलाच्या आधी बाहेर पळतो. खालचं पाणी वर सरकतं आणि तेलाऐवजी विहिरीतून पाणी यायला लागतं. म्हणजे घट ही कोणाची चूक असल्यामुळे सुरू होत नाही. पहिला बॅरल निघतो त्याच दिवशी ती सुरू झालेली असते. माणसाच्या हातात एवढंच असतं की ती किती वेगानं होऊ द्यायची.

जगभरातला अनुभव असा की साठ्यातल्या तेलाचा साधारण तिसरा हिस्साच वर येतो. बाकीचं दगड सोडत नाही. म्हणून 'तेल संपलं' असं कुठेच होत नाही. तेल असतं, ते काढणं परवडेनासं होतं. आसामातल्या दिग्बोईला १८८९ मध्ये तेल लागलं, १९०१ मध्ये तिथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. त्या भागातून आजही थोडंसं तेल निघतं. शंभराहून जास्त वर्षांचा हा म्हातारा अजून श्वास घेतोय, पण घर त्याच्या कमाईवर चालत नाही.

शोध आणि शिखर

आता मुंबईच्या समुद्राकडे येऊ. १९५६ मध्ये केशवदेव मालवीय यांच्या पुढाकारानं तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, उभी राहिली. पाश्चात्त्य कंपन्यांना भारतात मोठं तेल सापडेल अशी आशा फारशी नव्हती, म्हणून मालवीय सोव्हिएत रशियाकडे वळले. साठच्या दशकात सोव्हिएत जहाजानं खंबातच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात ध्वनिलहरी सोडून तळाखालच्या खडकांचं सर्वेक्षण केलं. त्यात मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर खडकाचा एक मोठा उंचवटा दिसला. तोच 'हाय'. तिथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. भारताचं कंबरडं मोडायची वेळ आली होती. त्याच काळात, फेब्रुवारी १९७४ मध्ये, जपानमध्ये बांधलेल्या सागर सम्राटला बॉम्बे हायवर तेल लागलं. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. उरणपर्यंत पाइपलाइन आल्या आणि तेल ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांना मिळू लागलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला देश आपल्या गरजेच्या जवळपास दोन तृतीयांश तेल स्वतः काढत होता. १९८९ मध्ये एकट्या बॉम्बे हायचं उत्पादन दिवसाला सुमारे ४ लाख ७१ हजार बॅरलवर पोहोचलं. बॅरल म्हणजे १५९ लिटर. नोटेवर त्या रिगचं चित्र उगाच आलं नव्हतं.

उताराचं गणित

शिखरानंतर काय होतं, हे मोजायची रीत १९४५ मध्ये जे. जे. आर्प्स या अभियंत्यानं नीट मांडली. आजही तेल कंपन्या तिथूनच सुरुवात करतात. मी ती वर्गात फळ्यावर अशी समजावली.

समजा एक विहीर दिवसाला १००० बॅरल देते आणि दर वर्षी १० टक्क्यांनी कमी होते. मुलं लगेच म्हणाली, मग दहा वर्षांत शून्य! नाही. दर वर्षीचे १० टक्के हे उरलेल्याचे असतात. पहिल्या वर्षानंतर ९००, मग ८१०, मग ७२९, ६५६, ५९०, ५३१ आणि सातव्या वर्षानंतर ४७८. सात वर्षांत निम्म्याहून कमी. पुढच्या सात वर्षांत त्याचंही निम्मं. आकडा शून्यावर कधीच येत नाही, पण एक दिवस असा येतो की तेल काढायचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. त्या दिवशी विहीर बंद करून तिच्यात सिमेंट भरतात.

हा आर्प्सचा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात घटीचा दरच हळूहळू कमी होत जातो: सुरुवातीला मोठी घसरण, नंतर लांबलचक शेपूट. अमेरिकेत शेल नावाच्या घट्ट खडकातून जे तेल काढतात, त्या विहिरींचं असंच असतं. पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त उत्पादन जातं, मग उरलेलं वर्षानुवर्षं थेंब थेंब येत राहतं. म्हणून तिथे सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात. जरा थांबलं की आलेख खाली.

एका विहिरीचं जे, तेच सगळ्या क्षेत्राचं, फक्त सावकाश. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २००८ मध्ये जगातल्या ८०० तेलक्षेत्रांचा अभ्यास मांडला. शिखर ओलांडलेल्या क्षेत्रांत काहीच नवीन केलं नाही तर वर्षाला साधारण ९ टक्के घट होते, असा त्यांचा अंदाज होता. हा दर बॉम्बे हायला लावून पाहिला. १९८९ चे ४ लाख ७१ हजार बॅरल, दर वर्षी ९ टक्के कमी, पस्तीस वर्षं. उत्तर येतं सुमारे १७ हजार.

प्रत्यक्षात २०२४ मध्ये बॉम्बे हाय दिवसाला सुमारे १ लाख ३४ हजार बॅरल तेल देत होतं. म्हणजे सरासरी घट वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या थोडी वर. माझा हिशेब ढोबळ आहे, हे मान्य. क्षेत्राक्षेत्रात फरक असतो. पण १७ हजार आणि १ लाख ३४ हजार यांच्यात जे अंतर आहे, ते निसर्गानं दिलेलं नाही. ते माणसांनी धरून ठेवलेलं आहे. त्या माणसांकडे येतोच, आधी १९९० कडे जाऊ, कारण उताराची पहिली किंमत आपण तेव्हा मोजली.

जुहू आणि सहार

अंधेरीच्या एका बाजूला जुहूचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला सहारचा. जुहूहून हेलिकॉप्टरं आपल्या तेलाकडे जातात. सहारहून आपली माणसं दुसऱ्यांच्या तेलाकडे जातात. कोकणातल्या मुसलमान घरांना हे वेगळं सांगायला नको. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी गावांतली पक्की घरं कुवेत, सौदी, बहरीनच्या पगारावर उभी राहिलीत. माझे मामू कुवेतला ड्रायव्हर होते.

२ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. अनेक आठवडे मामूंची खबर नव्हती. नानी दारात बसून असायची. पोस्टमन दिसला की उठायची. कुवेतमधले हजारो भारतीय बसमधून इराक ओलांडून जॉर्डनच्या अम्मान शहरापर्यंत पोहोचले. तिथून एअर इंडियानं दोन महिन्यांत १ लाख ७० हजारांहून जास्त लोकांना मायदेशी आणलं. मामू त्यातल्याच एका विमानानं सहारला उतरले. अंगावरच्या कपड्यांखेरीज एक रेक्झिनची पिशवी होती. नानांनी त्यांना मिठी मारली आणि फक्त एवढंच म्हणाले, "आ गये ना, बस."

आमच्या घरापुरती गोष्ट तिथे संपली. देशाची तिथे सुरू झाली. आखातातून येणारा पैसा अचानक थांबला आणि तेलाचा भाव काही आठवड्यांत दुपटीवर गेला. आणि नेमक्या त्याच वेळी आपलं तेल उतरणीला लागलं होतं. बॉम्बे हायमध्ये ज्या विहिरींतून तेलापेक्षा गॅसच जास्त यायचा, त्यातल्या काही बंद ठेवाव्या लागल्या. १९८९-९० मध्ये देशाचं एकूण तेल उत्पादन सुमारे ३४० लाख टन होतं. १९९२-९३ मध्ये ते सुमारे २७० लाख टनांवर आलं. तीन वर्षांत पाचवा हिस्सा गेला.

जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं परदेशी पाठवून गहाण ठेवावं लागलं. त्या संकटाची कारणं अनेक होती: कर्ज, तूट, राजकीय अस्थिरता. सगळं तेलावर ढकलणं चुकीचं ठरेल. पण १९९१ चा इतिहास लिहिणारे सहसा कुवेतच्या तेलाबद्दल बोलतात आणि थांबतात. आपल्या दारातलं तेल त्याच वर्षांत घसरत होतं, ही गोष्ट क्वचितच त्याच पानावर येते. घरात कमावणारे दोघे असावेत आणि एकाची नोकरी जावी त्याच महिन्यात दुसऱ्याचा पगार कापला जावा, तसं ते झालं.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. नॉर्वेलाही समुद्रातच तेल मिळालं, आपल्या थोडं आधी. त्यांनी १९९० मध्ये कायदा करून तेलाची कमाई साठवायचा निधी काढला. आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी आहे. आपण का नाही केलं? पण हा प्रश्न थोडा अन्यायाचाही आहे. पन्नास लाखांहून कमी वस्तीचा तो देश तेल विकत होता. आपण ऐंशी कोटींहून जास्त होतो आणि निघालेला थेंबन् थेंब इथेच जळत होता. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये, एसटीच्या इंजिनात, खताच्या कारखान्यात. साठवायला उरत काय होतं? तरीही एक तक्रार राहतेच. पैसे साठवता आले नसते, पण ते दिवस कायमचे नाहीत हे सांगता आलं असतं. शिखराच्या वर्षांत देशाची तहान इतक्या वेगानं वाढू दिली, जणू त्या विहिरीला दर वर्षी जून येणार होता.

उतार धरून ठेवणारे

घट थांबवता येत नाही, मंद करता येते. ती मंद करायच्या रीती समजल्या की हेलिकॉप्टरं रोज का उडतात ते कळतं.

पहिली रीत म्हणजे समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून, वेगळ्या विहिरींतून दगडात दाबून भरायचं. दाब टिकतो आणि पाणी तेलाला पुढे ढकलतं. बॉम्बे हायवर हे ऐंशीच्या दशकापासून चालू आहे. दुसरी रीत, विहिरीच्या नळीत खालून गॅस सोडायचा, म्हणजे तेल हलकं होऊन वर चढतं. तिसरी, जुन्या विहिरीच्या पोटातून आडवी नवी फांदी काढायची आणि दगडात मागे राहिलेल्या तेलापर्यंत जायचं. २००० नंतर ओएनजीसीनं बॉम्बे हायच्या उत्तर आणि दक्षिण भागांत पुनर्विकासाच्या मोठ्या योजना हाती घेतल्या, त्यात हे सगळं होतं. त्यासोबत गंजलेल्या पाइपलाइन बदलणं, जुने प्लॅटफॉर्म दुरुस्त करणं. चाळीस-पन्नास वर्षं खाऱ्या पाण्यात उभं असलेलं लोखंड सांभाळणं सोपं नसतं.

या कामाची किंमत आकड्यांत दिसत नाही. २६ जुलै २००५ चा पूर अंधेरीत राहणाऱ्या कोणाला विसरता येणार नाही. मिलन सबवे, साकीनाका, मरोळ, सगळं पाण्याखाली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, आपण घरातला चिखल उपसत असताना, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळून गेला. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली होती. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर पोहोचवायला जहाज जवळ आलं, लाटांत ताबा सुटला आणि ते तेल-गॅसच्या नळ्यांना धडकलं. सुमारे दोन तासांत सगळा प्लॅटफॉर्म गेला. ३८४ पैकी ३६२ माणसं वाचली, २२ वाचली नाहीत. पुराच्या बातम्यांत ती बातमी बुडाली.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात 'पी ३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. बहुतेक जण समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीची, वेल्डिंगची, रंगाची कामं करणारे कंत्राटी कामगार; ओदिशा, बंगाल, उत्तर प्रदेश, महाराष्ट्रातले. ७० हून जास्त जणांचा जीव गेला. ती माणसं नवं तेल शोधायला गेली नव्हती. जुनं लोखंड टिकवायला गेली होती. उताराचा आलेख जिथे जरा सपाट दिसतो, तिथे अशी माणसं उभी असतात.

आता नवी बातमी. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीनं बॉम्बे हायसाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून निवडलं. दहा वर्षांत तेल ४४ टक्के आणि गॅस ८९ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा अंदाज जाहीर झाला. हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही वाढ १९८९ च्या शिखराशी तोलून सांगितलेली नाही. काही न केल्यास पुढची दहा वर्षं जो उतार दिसतोय, त्याच्याशी तोललेली आहे. प्रयत्न मोलाचा आहे. पण शिखर परत येतंय, असं समजून कोणी टाळ्या वाजवू नयेत.

रिक्षावाल्याचा हिशेब

हे सगळं समुद्रात दूर घडतंय असं वाटत असेल, तर अंधेरी स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेकडे पाहा. मुंबईच्या रिक्षा सीएनजीवर चालतात. महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचा आधार मुंबईच्या समुद्रातून उरणला येणारा गॅसच होता. हा जुन्या क्षेत्रांचा गॅस सरकार ठरवलेल्या कमी भावात देतं. पण ती क्षेत्रं उतरणीला आहेत आणि मागणी चढणीला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं शहरांच्या सीएनजीसाठी मिळणारा हा स्वस्त गॅस सुमारे पाचव्या हिश्श्यानं कापला, नोव्हेंबरमध्ये पुन्हा कापला. कंपन्यांना महागडा गॅस घ्यावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईत सीएनजी किलोमागे दोन रुपयांनी वाढून ७७ रुपयांवर गेला. पुढे जानेवारीत काही कोटा परत मिळाला. पण दिशा कुठली, ते कळायला एवढं पुरे.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे अब्बा रिक्षा चालवतात. दोन रुपये ऐकायला कमी वाटतात. दिवसाला चार-पाच किलो गॅस भरणाऱ्याला महिन्याचा हिशेब विचारा. आर्प्सचा आलेख त्यांनी पाहिलेला नाही, पण त्याची फी ते भरतात.

आणि आखातातल्या तेलालाही हाच नियम आहे. सौदीतलं घवार हे जगातलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र. १९५१ पासून तिथून तेल निघतंय आणि तिथेही दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत ढकलावं लागतं. २०१९ मध्ये सौदी अरामको कंपनीनं कर्जरोखे विकायला काढताना पहिल्यांदा आकडे उघड केले. घवारची कमाल क्षमता दिवसाला ३८ लाख बॅरल निघाली. जाणकार तोवर ५० लाख धरून चालले होते. घवार उद्या आटणार नाही. परवाही नाही. पण जी घरं तीन पिढ्या सहारच्या विमानावर डोळे लावून बसली आहेत, त्यांनी मुलांच्या तालीमचा विचार करताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. सौदी स्वतः ते ध्यानात ठेवून तेलाखेरीजच्या कमाईच्या योजना आखतोय.

आज भारत आपल्या गरजेचं जवळपास ८८ टक्के कच्चं तेल बाहेरून आणतो. उत्पादन कमी झालं हे त्याचं अर्धंच कारण. गरज कितीतरी पटींनी वाढली, हे दुसरं. पहिलं कारण आपल्या हातात फारसं नाही. दुसरं बऱ्याच अंशी आहे.

सागर सम्राटचं पुढे काय झालं, तेही सांगतो. ज्या रिगनं तेल शोधलं, तिचं खोदकाम थांबवून, तिला बदलून, उत्पादन गोळा करणारा प्लॅटफॉर्म बनवण्यात आलं. २०२२ च्या अखेरीस ती मुंबईसमोरच्या समुद्रात नव्या कामाला लागली. म्हातारपणी हलक्या कामावर बदली व्हावी तसं. एक रुपयाची नोट १९९४ मध्ये छापायची बंद झाली होती. २०१५ पासून ती पुन्हा निघाली, आणि मागच्या बाजूला अजूनही सागर सम्राटच आहे.

गेल्या ईदला मी बँकेतून खटपट करून त्या नोटांची एक गड्डी मिळवली. भाचीला पाच दिल्या. तिनं उलटून पाहिलं आणि विचारलं, "मामू, हे काय आहे?"

मी नानांचंच वाक्य सांगितलं, समंदर का कुवाँ. मग त्यात एक वाक्य माझं जोडलं: "पण या विहिरीला पाऊस भरत नाही, बेटा. जेवढं आहे, तेवढंच आहे."

तिनं नोट घडी घालून नीट पर्समध्ये ठेवली. खर्च करणार नाही म्हणाली.